गरुड काय खातो: तिलारी खोऱ्यातल्या फळझाडांच्या नोंदी

14 जानेवारी 2025

यंदाच्या हंगामासाठी प्रश्न एकच ठेवला आहे. जानेवारी ते जून या काळात धनेशाला (हॉर्नबिलला) कुठल्या झाडावर काय खायला मिळतं, आणि ते झाड कुणाच्या जमिनीत उभं आहे? ढोल्या आम्हाला माहीत आहेत. गावातल्या जुन्या माणसांना तर त्या पिढ्यान् पिढ्या माहीत आहेत. पण ढोली म्हणजे नुसतं बाळंतघर. तिथे रोजचं अन्न कुठून येतं, हे लिहून ठेवलेलं कुणाकडेच नव्हतं.

आमच्या भागात, म्हणजे सिंधुदुर्गातल्या तिलारी खोऱ्यात, दोन धनेश महत्त्वाचे. मोठा धनेश, ज्याला इथे सगळे गरुड म्हणतात, आणि मलबारी कवड्या धनेश, म्हणजे ककणेर. दोघेही मुख्यतः फळांवर जगतात आणि दोघेही वर्षाच्या कोरड्या महिन्यांत पिल्लं वाढवतात. आमच्या जंगलाचा स्वभाव इथेच विषुववृत्तावरच्या जंगलांपेक्षा वेगळा आहे. बोर्निओत जवळजवळ प्रत्येक महिन्यात पाऊस असतो. आमच्याकडे जवळच्या आंबोलीत वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, पण तो बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर. पुढचे सात-आठ महिने झाडं खोल मातीतल्या ओलाव्यावर, धुक्यावर आणि झऱ्यांवर पानं हिरवी राखतात. सदाहरित जंगल खरं, पण लांबलचक उन्हाळा सोसणारं.

आज झाडं निवडून झाली. वड, नांद्रुक, पायर, उंबर ही अंजीरवर्गातली. शिवाय धूप, रानजायफळ, गुळंब, पारजांब, काजरा, भेरली माड, जांभूळ. प्रत्येक झाडाला सुतळीने पत्र्याचा बिल्ला बांधला. खिळा मारायचा नाही, हे सोबतच्या मुलांना पहिल्याच दिवशी सांगितलं. दर पंधरवड्याला प्रत्येक झाडापुढे लिहायचं: कळी, फूल, कच्चं फळ, पिकलं फळ, काही नाही. वाटाड्या म्हणून आबा आहेत. त्यांनी आयुष्यभर याच रानात गुरं चारली, मध काढला. आमच्या यादीत नसलेली दोन झाडं त्यांनी वाटेतच जोडून दिली.

27 जानेवारी

गरुडाची मादी ढोलीत बसली.

झाड बेहड्याचं, ढोली साठेक फुटांवर, तोंड ओढ्याच्या बाजूला. आम्ही समोरच्या उतारावर करवंदीच्या जाळीमागे होतो. पंखांचा आवाज पक्ष्याच्या आधी येतो. आबा हळूच म्हणाले, "आवाज ऐकलात, मास्तर? नर इलो." दुर्बिणीतून नराचा लाल डोळा आणि मादीचा पांढरा डोळा स्पष्ट दिसतो, नर-मादी ओळखायची ही सगळ्यांत सोपी खूण. चोचीवरचं शिरस्त्राण आणि मानेची पिसं पिवळीधमक होती. हा पिवळा रंग शेपटीच्या मुळाशी असलेल्या तैलग्रंथीतून येतो. पक्षी चोचीने तेल घेतो आणि अंगाला चोळतो.

मादी आत गेल्यावर ढोलीचं तोंड स्वतःच आतून लिंपते. त्यासाठी स्वतःची विष्ठा, फळांचे अवशेष, ढोलीतलाच कुजलेला भुसा वापरते. चोचीच्या बाजूने थोपटत थोपटत ती काम करत होती. थोडा वेळ थांबायची, चोच फटीतून बाहेर काढून बघायची, पुन्हा थोपटायची. अखेर एक उभी फट राहते. एक-दोन अंडी, मग साधारण चाळीस दिवस उबवणं, मग पिल्लाचे पहिले आठवडे. या सगळ्या काळात मादीचं पोट त्या फटीतून येणाऱ्या फळांवर. नर मेला, किंवा त्याला फळ मिळालं नाही, तर आतल्यांचं काय होईल ते उघड आहे.

ढोलीची जागा नोंदवहीत सांकेतिक क्रमांकाने लिहिली आहे. फोटो कुणीही काढायचा नाही, कुठे टाकायचा नाही. मुलांना हे पटलं, कारण नर दोनदा आमच्याकडे बघून झाडापासून परत फिरला तेव्हा ती सगळी शरमली होती. आडोसा आणखी मागे नेला.

9 फेब्रुवारी

काजूच्या बागेच्या बांधावरचा नांद्रुक लागला! पिकलेली फळं फांदीभर. सकाळपासून हरियालांचे थवे, तांबट, बुलबुल, दोन शेकरू आणि मधेच गरुडाचा नर. वाटाण्याएवढी फळं तो चोचीच्या टोकाने एकेक तोडतो, वर उडवतो, गिळतो. बराच वेळ खाल्ल्यावर बेहड्याच्या दिशेने गेला. ढोलीजवळच्या मुलांनी फोनवर सांगितलं की तो आला आणि गळ्यातून एकेक फळ वर काढून फटीत देतोय. तीसच्या पुढे फळं त्यांनी मोजली.

दुपारी खाली पडलेलं एक फळ ब्लेडने उभं कापलं. मुलांनी भिंगातून बघितलं. आत भिंतीला चिकटलेली शेकडो बारीक फुलं, मधे पोकळी आणि त्या पोकळीत मुंगीच्या डोक्याहून लहान अशा मेलेल्या माश्या. अंजीरवर्गातल्या झाडांचं फूल बाहेर दिसतच नाही. ते फळाच्या पोटात असतं. तोंडाच्या बारीक छिद्रातून गांधीलमाशीच्या जातीची एक इवलीशी मादी आत शिरते. शिरताना तिचे पंख बहुधा तुटून पडतात. ती परागकण आणते, काही फुलांत अंडी घालते आणि आतच मरते. तिच्या लेकी पुढे परागकण घेऊन बाहेर पडतात आणि त्यांचं बाहेरचं आयुष्य एक-दोन दिवसांचं. एवढ्या वेळात त्यांना त्याच जातीचं, नेमकं फुलावर आलेलं दुसरं झाड सापडायला हवं.

म्हणूनच एका परिसरातले सगळे नांद्रुक एकाच वेळी फळत नाहीत. एक जानेवारीत, दुसरा मार्चमध्ये, तिसरा ऐन पावसात. माशीला वर्षभर घर लागतं, आणि त्याचा फायदा रानातल्या प्रत्येक फळखाऊ प्राण्याला होतो. बाकी सगळी झाडं हात आखडून असतात तेव्हा अंजीरवर्गातलं कुठलं ना कुठलं झाड चालू असतं. दक्षिणेकडच्या अनामलाईच्या डोंगरात संशोधक रागुपती कन्नन आणि डग्लस जेम्स यांनी 1990च्या दशकात मोठ्या धनेशाचा आहार तपासला, तेव्हा त्यांनाही अंजीरवर्गाचंच पारडं जड दिसलं होतं.

हा नांद्रुक मात्र धोक्यात आहे. बागेच्या काकी म्हणाल्या, "ह्या झाडाच्या सावळेत काजी धरनत नाय." त्यांचं म्हणणं खरं आहे, सावलीतल्या काजूला मोहोर कमी येतो. त्यांचं वर्षाचं उत्पन्न त्या बागेवर आहे. आबा त्यांना म्हणाले, "दोन फांद्यो मारा, वयनी, पण झाड ठेवा." काकींनी हो-नाही केलं नाही. पुन्हा जाऊन बोलायचं आहे, आणि रिकाम्या हाताने जायचं नाही.

23 फेब्रुवारी

पानभर 'काही नाही'. धूप नाही, गुळंब कच्चा, जांभळाला फूल. बांधावरचा नांद्रुक संपत आला. नर आता सकाळी पूर्वेला, घाटाच्या वरच्या बाजूला जातो आणि बऱ्याच उशिरा परततो. ढोलीकडच्या फेऱ्या घटल्या आहेत. या पंधरवड्याचं पान मला सगळ्यांत मोलाचं वाटतं. कुठलं झाड वाचवायचं, हे भरलेल्या रकान्यांपेक्षा रिकाम्या रकान्यांतून जास्त कळतं.

16 मार्च

वरच्या वाडीच्या मागे एक पायर सापडली. दगडी बांधावर वाढलेली, मुळं बांधाला कवळून बसलेली, आणि फळांनी लगडलेली. नर पूर्वेला इथेच येत होता. यादीत घेतली. जमीन सामाईक, सातबाऱ्यावर बरीच नावं, निम्मी मुंबईत.

ढोलीतून बारीक, घोगरा आवाज येतो आहे. पिल्लू फुटलं. आता नराच्या चोचीत फळांबरोबर सरडा, नाकतोडा, एकदा कसलंसं पिल्लूही दिसलं. वाढत्या पिल्लाला प्रथिनं लागतात.

ककणेराच्या मादीनेही गेल्या आठवड्यात देवराईतल्या जुन्या आंब्याची ढोली धरली. गरुडाची मादी पिल्लू मध्यम वाढलं की बाहेर येते. ककणेराची मादी पिल्लांबरोबरच शेवटपर्यंत आत राहते. त्यामुळे ककणेराच्या नराला एकट्याने सगळं घर चालवायचं असतं, थेट पावसाच्या तोंडापर्यंत.

30 मार्च

ककणेर काजऱ्यावर. हे बघायला मुलांची गर्दी झाली, कारण काजरा विषारी म्हणून लहानपणापासून सगळ्यांना दटावलेलं असतं. फळ नारिंगी, गोल, कवच कडक. नराने चोचीने कवच फोडलं आणि आतला गर बियांसकट गिळला. विष बीमध्ये आहे: स्ट्रिकनिन. बी न फुटता आत गेली आणि न फुटता बाहेर आली, तर पक्ष्याला बाधा नाही. देवराईतल्या आंब्याखाली अंथरलेल्या जाळीत त्या चपट्या, बटणासारख्या, रेशमी लव असलेल्या बिया स्वच्छ धुतल्यासारख्या पडलेल्या मिळाल्या. गराचा कणही नाही.

जाळीची पद्धत सोपी आहे. ढोलीखाली, पण थेट खोडाला न लावता, चार काठ्यांवर मच्छरदाणीची जाळी ताणायची. आठवड्याने बिया वेचायच्या, ओळखायच्या, लिहायच्या. एका बैठकीत मिळणारं बियांचं वाण बघून मुलं चकित होतात. काल त्यात पारजांब होता, दालचिनीच्या कुळातल्या तीन तऱ्हा होत्या आणि एक बी अशी की तिचं झाड आमच्या यादीत नव्हतंच. आबांनी ती हातावर घोळवली, वास घेतला आणि आम्हाला ओढ्याच्या वरच्या अंगाला घेऊन गेले. झाड तिथे उभं होतं. उंच, सरळ, खोडाला आधारमुळांचे रुंद पंख. तीस वर्षांपूर्वी तिथे त्यांनी मध काढला होता.

13 एप्रिल

रात्रीची फेरी. दिवसा धनेश ज्या झाडावर असतो त्याच झाडावर रात्री कोण असतं, एवढंच बघायचं होतं.

भेरली माडाच्या लोंबत्या घोसांवर उदमांजर. टॉर्चच्या लाल उजेडात डोळे चमकले, तोंड चालू होतं. भेरली माडाच्या फळाचा रस कातडीला लागला तर आग होते, तरी उदमांजर आणि धनेश दोघेही ती फळं आवडीने खातात. आमच्या भागात भेरली माड शोभेसाठी, फांद्यांसाठी तोडला जातो. तो आयुष्यात एकदाच फुलोऱ्यावर येतो. वरून खाली घोस टाकत काही वर्षं फळतो आणि मग मरतो. फळायच्या आधीच तोडला तर त्या जागी पुढचा माड कुठून येणार?

वाटेत करवंदीवर चापडा हा विषारी साप, हिरवागार, डोकं त्रिकोणी, अजिबात हलला नाही. दूरून वळसा घेतला. सकाळी परत येताना एका सुपारीच्या खोडावर उडता सरडा दिसला. गळ्याखालची पिवळी पताका उघड-मीट करत होता. मग बरगड्यांवरचे पडदे पसरून पुढच्या झाडावर गेला. सुपारीची बागायत जंगलाला लागून असली की तो बागेतही नांदतो.

शेकरूबद्दल एक नोंद. ते धनेशासारखंच फळांवर असतं, पण बहुतेक वेळा बीच कुरतडून खातं. म्हणजे झाडाच्या बाजूने बघितलं तर एक पाहुणा बी दूर नेऊन पेरणारा, दुसरा ती संपवणारा. दोघेही रानाचेच. मात्र धनेश गेले आणि नुसते कुरतडणारे उरले, तर मोठ्या बियांची झाडं आपल्या आईखालीच अडकून पडतात.

22 एप्रिल

गरुडाची मादी बाहेर आली. सकाळी ढोलीचं लिंपण फोडलेलं दिसलं. मादी शेजारच्या किंजळीवर पंख पसरून बसली होती, पिसं विस्कटलेली. दुपारपर्यंत पिल्लाने आतून तोंड पुन्हा लिंपायला घेतलं. कुणी शिकवलेलं नाही! दोन मुली तो सगळा वेळ हलल्या नाहीत. त्यांची नोंद पाच पानांची आहे आणि ती जशीच्या तशी ठेवली आहे.

4 मे

आजपर्यंतच्या नोंदी एका नकाशावर मांडल्या. जे दिसलं ते ग्रामसभेत दाखवायचं ठरलं.

ढोलीची झाडं देवराईत आणि वनखात्याच्या हद्दीत आहेत. त्यांना कुऱ्हाड लागण्याची भीती त्या मानाने कमी. पण फेब्रुवारी आणि मार्चमध्ये जेव्हा दुसरं काही पिकत नाही, तेव्हा नर ज्या झाडांवर गेला ती जवळजवळ सगळी मालकीच्या जमिनीत आहेत. काजूचा बांध, वरच्या वाडीची पायर, वायंगणाच्या (उन्हाळी भातशेताच्या) कडेचा उंबर. सिंधुदुर्गात जंगलाचा मोठा हिस्सा खासगी आहे हे सगळ्यांना माहीत असतं. त्याचा धनेशाच्या घरावर काय परिणाम होतो, ते आज पहिल्यांदा डोळ्यांपुढे आलं. खोऱ्यात गेल्या काही वर्षांत उतारच्या उतार साफ करून रबर लावलं गेलं. रबराच्या लागवडीत धनेशाला खायला काही नाही. एखादा उतार साफ झाला की ढोली जागेवर राहते, आणि फेब्रुवारीची शिदोरी जाते.

संरक्षित क्षेत्र ठरवायचं तर लोक ढोलीभोवती वर्तुळ आखतात. माझं स्पष्ट मत झालं आहे की वर्तुळ फेब्रुवारीतल्या झाडांभोवती आखायला हवं.

रानजायफळ पिकू लागलं आहे. फळ उकलतं, आत लाल जायपत्रीत गुंडाळलेली बी. जायपत्री तेलकट, पौष्टिक; धनेश तीच पचवतो आणि बी टाकून देतो. जाळीतली बी त्याच दिवशी पेरावी लागते. धान्यासारखी वाळवून ठेवता येत नाही; वाळली की मेली. सदाहरित रानातल्या पुष्कळ झाडांचं असंच आहे. बी पडते पावसाच्या तोंडावर आणि थेट रुजायला लागते. तयार रोपं नर्सरीत का मिळत नाहीत, याचं एक कारण हेच.

मुलांना हेवाळे-बांबर्ड्याची रानजायफळाची दलदल दाखवून आणली. 2.59 हेक्टरचा तुकडा, 2021 साली राज्य सरकारने जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केला. भर मे महिन्यात पायाखाली पाणी. चिखलातून मुळं वर आलेली, हवा घ्यायला. गावाने देवाच्या नावाने राखलं म्हणून हे उरलं.

20 मे

मुसळधार. पूर्वमोसमी म्हणतात, पण हा वळवाचा पाऊस नव्हे. रात्रंदिवस लागला आहे. ओढ्याला पूर. आडोसा वाहून गेला, एक जाळी फाटली. कालच सायंकाळी गरुडाचं पिल्लू बाहेर पडलं होतं. शिरस्त्राण नसलेली कोवळी चोच, डोळा निळसर करडा. किंजळीवर चिंब भिजून बसलं होतं आणि आई-बाप दोघेही आळीपाळीने भरवत होते. बरं झालं, एक दिवस आधी निघालं.

26 मे

हवामान खात्याने काल मोसमी पाऊस तळकोकणात दाखल झाल्याचं जाहीर केलं. गेल्या तीन दशकांत इतक्या लवकर आला नव्हता. जांभळं पिकण्याआधीच झडली. गावात रातांब्याची फळं कुजली, कोकमाची सोलं वाळवायला ऊन नाही. वर्षाचं आगळ (रातांब्याचा खारवलेला रस) कसं करायचं याची घरोघरी चिंता. ककणेराची मादी अजून आंब्याच्या ढोलीत आहे आणि नर भिजत फेऱ्या घालतो आहे. जाळीत या आठवड्यात जवळजवळ फक्त उंबर आणि वडाच्या बिया.

1 जून

पनामातल्या बारो कोलोरॅडो बेटाबद्दल वाचत होतो. पनामा कालव्यासाठी नदी अडवली, तलाव भरला आणि 1914च्या सुमारास डोंगरमाथ्याचं बेट झालं. जगातलं सगळ्यांत बारकाईने अभ्यासलेलं वर्षावन तेच. तिथे 1970 साली कोरड्या ऋतूत अवेळी पाऊस झाला. कोरडेपणाचा इशारा न मिळाल्यामुळे अनेक झाडं फुललीच नाहीत, आणि वर्षाच्या उत्तरार्धात फळांचा दुष्काळ पडला. हिरव्यागार जंगलात माकडं, कोआटी (लांब नाकाचा रॅकूनसारखा प्राणी), पेकरी (रानडुकरासारखा प्राणी) उपाशी फिरू लागली. मेलेली जनावरं वाटांवर सापडली. वनस्पतिशास्त्रज्ञ रॉबिन फॉस्टर यांना हे लिहून ठेवता आलं, कारण फळं आणि बिया पकडण्याची नोंद आधीपासून चालू होती.

आमच्याकडे अवेळी पाऊस झाडांना काय सांगतो, ते कळायला सलग नोंदी लागतील. म्हणून काम जूनमध्ये बंद करायचं नाही. फुलोऱ्याच्या नोंदी ऑक्टोबरपासूनच सुरू करायच्या.

22 जून

ककणेराची मादी आणि दोन पिल्लं बाहेर. नराची पिसं झिजलेली, पण तिघांना सोबत घेऊन देवराईच्या वडावर होता. त्या वडाला पुन्हा फळं धरली आहेत.

रोपवाटिका: रानजायफळ चांगलं रुजलं, पारजांब बऱ्यापैकी, धुपाचं बी टणक, त्याला वेळ लागेल. काजऱ्याची रोपं कुणी मागत नाही, तरी वाढवतो आहोत. नांद्रुक आणि पायरीच्या फांद्या लावल्या. हे काम सगळ्यांत सोपं आणि माझ्या मते सगळ्यांत उपयोगाचं.

गावच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीने लोक जैवविविधता नोंदवहीत फळझाडांचं पान स्वतंत्र जोडायला मान्यता दिली. झाडाचं नाव, फळाचा महिना, सर्व्हे नंबर, मालकाची संमती. काकींना आम्ही बांधाच्या दुसऱ्या अंगाला लावायला काजूची कलमं नेऊन दिली, मुलांनी खड्डे खणून लावलीही. नांद्रुकाच्या दोन फांद्या त्यांनी मारल्या. झाड ठेवलं, आणि पानावर सही केली. पायरीच्या सामाईक जमिनीसाठी मुंबईच्या भावकीला पत्रं गेली आहेत. गणपतीत सगळे येतील तेव्हा प्रत्यक्ष बसून बोलायचं आहे. वायंगणाच्या उंबराचे मालक अजून राजी नाहीत. त्यांना पाण्याच्या पंपासाठी जागा हवी आहे. पंप ओढ्याच्या खालच्या अंगाला बसेल का, ते पुढच्या आठवड्यात आबांबरोबर जाऊन मोजायचं.